'फाइल करप्ट झाली' म्हणायची वेळ येऊ नये म्हणून

सबमिशनचा आठवडा आला की मास मीडियाच्या वर्गात एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'सर, फाइल करप्ट झाली.' सर गालातल्या गालात हसतात. कारण ही सबब त्यांनी इतक्यांदा ऐकलेली असते, की खरं सांगणाऱ्यावरही त्यांचा विश्वास बसत नाही. आणि ज्याची फाइल खरोखर गेलेली असते, त्याची अवस्था बघवत नाही. चार रात्री जागून लावलेले कट्स, जुळवलेला आवाज, केलेलं कलर करेक्शन, सगळं गेलेलं. वर ग्रुपमधले सगळे त्याच्याकडेच बघत असतात.

याला आपण नशीब म्हणतो. बहुतेक वेळा ते नशीब नसतं. नसलेली सवय असते.

मुळात प्रोजेक्ट फाइल म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं. तिच्यात तुमचं शूटिंग नसतं. फुटेज हार्ड डिस्कवर वेगळं पडलेलं असतं. कुठली क्लिप कितव्या सेकंदापासून कितव्या सेकंदापर्यंत घ्यायची, तिच्यावर कुठलं संगीत, कुठला इफेक्ट, याची नोंद प्रोजेक्ट फाइल ठेवते. थोडक्यात, ती एडिटरची वही. फुटेज शंभर जीबी असलं, तरी ही वही साधारणपणे काही एमबींचीच असते. म्हणजे आपली सगळी मेहनत एका फोटोएवढ्या फाइलमध्ये मावते आणि तिची कॉपी करायला अर्धं मिनिटही लागत नाही. तरी आपण ती करत नाही!

वही फाटते कधी? बहुधा लिहिता लिहिता कुणी ती ओढली की. सेव्ह सुरू असताना वीज गेली आणि डेस्कटॉपला यूपीएस नाही. पेन ड्राइव्ह 'इजेक्ट' न करता उपटला. डिस्क काठोकाठ भरली, त्यामुळे नवी फाइल अर्धीच लिहिली गेली. एकच प्रोजेक्ट दोन लॅपटॉपवर उघडलं आणि एकाच्या सेव्हनं दुसऱ्याचं काम पुसलं. थेट पेन ड्राइव्हवरून एडिटिंग करण्याची आपली लाडकी पद्धत तर या सगळ्या संकटांना आवतण देणारी.

उपाय कंटाळवाणे आहेत, पण फुकट आहेत. काम कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर किंवा चांगल्या एक्स्टर्नल डिस्कवर करायचं. रोज बसताना 'सेव्ह अ‍ॅज' करून नवा नंबर द्यायचा: ०१, ०२, ०३. 'फायनल', 'फायनल फायनल' आणि 'खरंच फायनल' ही नावं बंद. प्रीमियर प्रोमध्ये ऑटो सेव्ह पाच मिनिटांवर लावा. त्याच्या कॉपीज वेगळ्या फोल्डरमध्ये जातात, तो फोल्डर कुठे आहे हे आजच बघून ठेवा. दाविंची रिझॉल्व्हमध्ये लाइव्ह सेव्ह आणि प्रोजेक्ट बॅकअप या दोन वेगळ्या सोयी आहेत, दोन्ही सुरू आहेत ना, ते तपासा. प्रोजेक्ट अर्धवट असताना सॉफ्टवेअर अपडेट करायचा मोह टाळा. नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेलं प्रोजेक्ट जुन्यात सहसा उघडत नाही, आणि लॅबमध्ये जुनंच असतं.

एवढं करूनही फाइल उघडली नाही, तर घाबरून तिच्यावर प्रयोग करत बसू नका. आधी तिची कॉपी करा. मग ऑटो सेव्हमधली ताजी कॉपी उघडून बघा. तीही नाही उघडली, तर कोरं प्रोजेक्ट तयार करून त्यात जुनं 'इम्पोर्ट' करा. पुष्कळदा टाइमलाइन परत मिळते.

पण खरा मुद्दा सॉफ्टवेअरच्या पलीकडचा आहे. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २'चं काम सुरू असताना एका चुकीच्या कमांडनं चित्रपटाच्या फाइल्स भराभर पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअपकडे धाव घेतली, तर तो बरेच दिवस नीट चालतच नव्हता आणि हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. गॅलिन सुसमन या टेक्निकल डायरेक्टर बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर चित्रपटाची कॉपी होती, म्हणून काम वाचलं. पिक्सारचे एड कॅटमल यांनी हा किस्सा पुस्तकात सांगितलाय. ती कमांड कुणी दिली, हे शोधून त्याला हाकलायच्या फंदात कुणी पडलं नाही, हेही त्यांनी आवर्जून नोंदवलंय.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, उघडून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे. दोन, फाइल जाणं हा एकट्या माणसाचा गुन्हा नसतो. आपल्याकडे मात्र शॉर्टफिल्म सगळ्यांची आणि फाइल एडिटरची. शूटिंगला बारा जण, वडापावला पंधरा आणि रात्री दोन वाजता रेंडर लावून बसलेला एकटाच. कामाची एकही कॉपी दुसऱ्या कुणाकडे नसते आणि मग दोष मात्र त्याच्या एकट्याच्या माथी.

म्हणून शूटिंगच्या पहिल्या दिवशी कॅमेरा कोण धरणार हे ठरवता, तसंच कॉपी कोण ठेवणार हेही ठरवा. एक कॉपी एडिटरकडे, एक दिग्दर्शकाकडच्या डिस्कवर, एक क्लाउडवर. फुटेज क्लाउडवर मावत नसेल, तर निदान प्रोजेक्ट फाइल तरी रोज रात्री ग्रुपच्या मेलवर जाऊ दे. फुटेजच्या दोन कॉपीज मात्र दोन वेगळ्या घरी हव्यातच. कॉलेजांनीही फक्त तयार फिल्म न मागता मधल्या टप्प्यावर प्रोजेक्ट फाइल मागावी. त्यामुळे सबबी आपोआप कमी होतील आणि ज्याचं खरंच नुकसान झालंय, त्याच्यावर विश्वास ठेवायला पुरावा मिळेल.

सध्या कुठल्या प्रोजेक्टवर काम सुरू असेल, तर आज एवढंच करा. त्याची कॉपी मित्राच्या लॅपटॉपवर उघडून बघा. उघडली, तर निवांत झोपा. नाही उघडली, तर हे सबमिशनच्या आदल्या रात्री कळण्यापेक्षा आज कळलं, ते बरंच झालं.