गाडीत स्टेपनीच नाही! रस्त्यात टायर गेला तर काय कराल?

नवी गाडी घेताना आपण सनरूफ बघतो, स्क्रीन किती इंचांची ते बघतो, मायलेज विचारतो. डिकीतलं कार्पेट उचलून खाली काय आहे, हे फार कमी जण बघतात. माझ्या मामांनीही बघितलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात आम्ही चिपळूणहून पुण्याला परतत होतो. कुंभार्ली घाट चढून कोयनानगरच्या पुढे आलो आणि पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात पुढचं डावं चाक आदळलं. टायर कडेला फाटला होता, दोन बोटं जातील एवढा. इंजिनिअरिंग केलेला भाचा सोबत असल्यामुळे सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. मी डिकी उघडली, कार्पेट उचललं. स्टेपनीच्या जागी थर्माकोलचा साचा, त्यात एक छोटा पंप आणि पांढऱ्या द्रवाची बाटली. जॅक नाही, पाना नाही. तरी बाटली लावून बघितली. सगळा फेस त्या फाटलेल्या जागेतून रस्त्यावर आला. हेल्पलाइनला फोन केल्यावर टोइंगची गाडी साडेतीन तासांनी पोहोचली. तोवर अंधार पडला होता, पाऊस थांबत नव्हता आणि गाडीत आजी होती. पाटणच्या टायरवाल्याकडे त्या मापाचा टायर नव्हता. तो कराडला दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला.

स्टेपनी न देणं नियमात बसतं का?

बसतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केला आणि तो १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर असतील, टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, म्हणजे टीपीएमएस असेल आणि पंक्चर दुरुस्तीचा किट दिलेला असेल, तर स्टेपनी देणं बंधनकारक नाही. त्यामुळे पोलिसांनी अडवलं तर काय, ही भीती काढून टाका.

कंपन्यांची कारणं उघड आहेत. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीला जागा लागते, सीएनजी गाडीत टाक्यांना. चाक काढलं की वजन कमी होतं, डिकी मोठी दिसते आणि खर्चही वाचतो. आधी पूर्ण मापाची स्टेपनी जाऊन बारीक चाक आलं, आता तेही गेलं.

गंमत म्हणजे मोटारींच्या सुरुवातीच्या काळातही गाडीबरोबर जादा चाक मिळत नसे. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेली गावात, स्टेपनी स्ट्रीटवरच्या डेव्हिस बंधूंनी पंक्चर चाकाला जोडायची जादा रिम तयार केली. त्या रस्त्याचं नाव आपल्याकडे आजही प्रत्येक गॅरेजमध्ये घेतलं जातं.

किट काय करतो, काय करत नाही?

रस्त्याला टेकणाऱ्या भागात खिळा किंवा स्क्रू घुसला, तर किट उपयोगी पडतो. बाटलीतला द्रव व्हॉल्व्हमधून आत जातो, चाक फिरलं की पसरतो आणि भोकात अडकून घट्ट होतो. साधारण ४ ते ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक त्याने बुजतं. टायरची बाजू कापली गेली, टायर फुटला किंवा रिम वाकली, तर त्या बाटलीचा काहीही उपयोग नाही.

माझी हरकत नेमकी इथेच आहे. हा नियम गुळगुळीत रस्त्यावरचा एखादा खिळा डोळ्यांसमोर ठेवून केल्यासारखा वाटतो. आपल्याकडे पावसाळ्यात टायर जातो तो बहुतेकदा खड्ड्याच्या धारेमुळे, आणि तेव्हा फाटते ती बाजू. टीपीएमएस हळूहळू उतरणाऱ्या हवेची सूचना वेळेत देतो, हे मान्य. खड्ड्यात आदळल्यावर मात्र त्याचा दिवा लागायच्या आत आपल्याला सगळं कळलेलं असतं.

किट वापरायची वेळ आलीच तर

आधी गाडी शक्य तितकी डावीकडे घ्या, हॅझर्ड लाइट लावा आणि रिफ्लेक्टर त्रिकोण गाडीच्या मागे चांगला लांब ठेवा. द्रुतगती मार्गावर असाल तर सगळ्यांनी डाव्या बाजूने उतरून कठड्यापलीकडे उभं राहायचं. टायर रस्त्याच्या अंगाला असेल आणि मागून ट्रक सुसाट जात असतील, तर दुरुस्तीचा नाद सोडा आणि मदत बोलवा. राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ हा क्रमांक आहे, तातडीच्या मदतीसाठी ११२.

जागा सुरक्षित असेल तर खिळा शोधा, पण उपसू नका. बाटली हलवून पंपाला जोडा आणि पंप १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावा. इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी उतरेल. सुरुवातीला काटा एकदम खूप वर जातो. घट्ट द्रव व्हॉल्व्हमधून जात असतो म्हणून तसं दिसतं, अर्ध्या-एक मिनिटात तो खाली येतो. मग ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत हवा भरा. दहा मिनिटांत हवा धरत नसेल तर थांबा, भोक मोठं आहे.

हवा धरली तर लगेच गाडी काढा, कारण द्रव पसरायला चाक फिरावं लागतं. पाच-दहा किलोमीटरनंतर पुन्हा हवा बघा. ती १९ पीएसआयच्या खाली गेली असेल तर पुढे जाऊ नका. वेग ताशी ८० किमीच्या आतच हवा. ही दुरुस्ती दुकानापर्यंत पोहोचण्यापुरतीच असते. पंक्चरवाल्याला आत द्रव आहे हे आधीच सांगा. साफसफाईचा वैताग नको म्हणून काही जण असा टायर हातात घेत नाहीत, आणि त्यांचंही चूक नाही. हवेचा सेन्सरही साफ करावा लागू शकतो.

बाटलीवर मुदत छापलेली असते, बहुधा चार वर्षांची. सेकंडहँड गाडी घेताना ती तारीख आधी बघा. एकदा वापरली की बाटली संपली, नवी विकत घ्यावी लागते.

घेण्याआधी काय विचाराल?

शोरूममध्ये थेट विचारा: स्टेपनी आहे का, असल्यास कोणत्या मापाची, आणि जॅक-पाना मिळतो का? काही मॉडेलसाठी बारीक स्टेपनी ॲक्सेसरी म्हणून मिळते. ती ठेवायला खाली जागा नसेल तर डिकीत घट्ट बांधून ठेवावी लागेल. जोरात ब्रेक लागला तर मोकळं चाक पुढच्या सीटपर्यंत येऊ शकतं. टायरचं माप लिहून घ्या आणि तुमच्या तालुक्याच्या दुकानात ते मिळतं का, हे फोन करून विचारा. मुंबई-पुण्यात हा प्रश्न पडणार नाही, पाटणला पडतो.

विम्याबद्दलही एक गैरसमज आहे. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत एकट्या टायरचं नुकसान धरलं जात नाही. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचे पैसे मिळतात, तेही नव्या टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत. टायरसाठीचं ॲड-ऑन वेगळं घ्यावं लागतं. रोडसाइड असिस्टन्स असेल तर ती गाडी किती किलोमीटरपर्यंत मोफत ओढून नेते, हे वाचून घ्या. ७०१ किमीच्या समृद्धी महामार्गावर गाडी घालणार असाल तर हा आकडा महत्त्वाचा आहे. तिथे दर दोन किलोमीटरवर पंक्चरचं दुकान नसतं.

सरकारने स्टेपनी पुन्हा सक्तीची करावी, असं मी म्हणणार नाही. शहरातच फिरणाऱ्या छोट्या इलेक्ट्रिक गाडीला पंधरा-वीस किलोचं चाक कायम वाहायला लावण्यात अर्थ नाही. पण गाडीत स्टेपनी नाही, हे बुकिंगच्या कागदावर ठळक लिहायला कंपन्यांना काय हरकत आहे? आणि चाक काढून घेतलंच आहे, तर टायर फाटल्यावरचं टोइंग ग्राहकाकडून वेगळे पैसे न घेता वॉरंटीभर मिळायला हवं. वाचवलेला खर्च कंपनीचा आणि रस्त्यावरचे साडेतीन तास ग्राहकाचे, हा हिशेब एकतर्फी आहे.

मामांनी आता डिकीत चार्जिंगवर चालणारा हवेचा पंप आणि ट्यूबलेसच्या स्ट्रिप घालायचा किट ठेवला आहे. दोन्ही मिळून अडीच हजारांच्या आत झालं. खिळ्याचं पंक्चर असेल तर स्ट्रिप घालून हवा भरायची, बाटलीला हात लावायची गरजच नाही. बाजू फाटली तर? त्यासाठी त्यांनी कराडच्या त्या टायरवाल्याचा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवलाय. पुढच्या वेळी चिपळूणला मात्र एसटीने जायचं, असं आजीने आत्ताच जाहीर केलं आहे.