गिअरपेटीच्या तेलाची पारख

पुणे–बंगळूर महामार्गावर (पूर्वीचा क्रमांक ४, आताचा ४८) वसलेल्या आमच्या निपाणीस वाहनांचे अप्रूप नाही. क्लच दाबून गिअर टाकावयाच्या गाड्यांचा स्वभाव येथील चालकांना पुरता अवगत आहे. परंतु गुडघेदुखीमुळे किंवा वयोमानामुळे ज्यांनी स्वयंचलित गिअरची जुनी मोटार घेतली आहे, त्यांच्याकडून एक गफलत वारंवार होते. इंजिनाचे तेल पाहावे तसेच, सकाळी गार गाडी बंद असताना, ते गिअरपेटीचे तेल पाहतात आणि निर्धास्त होतात.

हे दोन व्यवहार भिन्न आहेत. १९४०च्या ओल्ड्समोबिल मोटारींत जनरल मोटर्सने ‘हायड्रामॅटिक’ योजना आणली, तेव्हापासून या पेटीतील तेल केवळ वंगण राहिलेले नाही. इंजिनाची शक्ती चाकांकडे पोहोचविणे, दाबाने गिअर बदलणे आणि उष्णता वाहून नेणे ही कामेही तेच करते. इंजिन चालू असता पंप ते सर्वत्र खेळवितो. इंजिन बंद झाले की त्यातील बरेच तेल खालच्या तबकात उतरते आणि पातळी वर चढलेली दिसते. म्हणजे तेल कमी असूनही पट्टी ‘पूर्ण’ असल्याची ग्वाही देते!

तेव्हा बहुतेक जुन्या गाड्यांसाठी रीत अशी. पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून तेल तापू द्यावे. सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा. पायाने ब्रेक दाबून धरून दांडा प्रत्येक स्थानात क्षणभर थांबवीत फिरवावा आणि ‘पी’वर आणावा. इंजिन चालूच ठेवून पट्टी काढावी, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसावी, पुरती आत घालून पुन्हा काढावी व ‘हॉट’ खुणांमध्ये पातळी पाहावी. पदर, ओढणी, मफलर फिरत्या पंख्यापासून दूर असावेत, हे सांगणे नलगे.

या नियमास अपवादही आहेत. होंडाच्या अनेक जुन्या गाड्यांत इंजिन तापवून, बंद करून, लगेच मिनिटभरात पातळी पाहावयाची असते. काही गाड्यांना पट्टीच नसते. त्यांचे काम मेस्त्रींकडे सोपवावे. म्हणून गाडीसोबतची पुस्तिका हाच अखेरचा निवाडा. तवंदीचा घाट चढून आल्यावर मात्र लगेच पट्टी काढू नये. अतितप्त तेल फुगलेले असते. अर्धा तास जाऊ द्यावा.

पातळीइतकीच प्रतही पाहावी. तंबाखूचा वास घेऊन, पान बोटांनी चोळून भाव ठरविणाऱ्या निपाणीकरांना ही विद्या नव्याने शिकवावी लागू नये. बहुतेक प्रकारचे नवे तेल लालसर, स्वच्छ असते. ते काळपट होऊन करपल्याचा वास आला, तर आतील क्लचच्या चकत्या जळू लागल्या असे समजावे. बोटांना कचकच लागली, तर झीज होत आहे. दुधाळ गुलाबी दिसले, तर रेडिएटरमधील पाणी तेलात शिरले असण्याचा संभव. तशी गाडी चालवूच नये.

तेल कमी भरल्यास पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि गिअर घसरतो. नेमक्या चढणीवर, मागे भरलेला ट्रक असताना असे झाले तर प्रसंग कठीण! जास्त भरल्यास फिरते भाग तेल घुसळून फेस करतात आणि परिणाम तोच होतो. दोन खुणांमधील अंतर पुष्कळ गाड्यांत अवघ्या अर्ध्या लिटराचे असते. म्हणून स्वच्छ नरसाळ्याने थोडे थोडे ओतावे व दर वेळी पुन्हा पाहावे. पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच तेल वापरावे. इंजिनाचे कदापि नको.

एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगू. इंजिनाप्रमाणे ही पेटी तेल जाळीत नाही. पातळी उतरली म्हणजे कोठेतरी गळती आहे. नुसती भर घालीत राहणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी ओतणे होय. जुन्या गाडीच्या पेटीची दुरुस्ती कित्येकदा गाडीच्या किमतीशी स्पर्धा करते. त्यापेक्षा महिन्याकाठी दहा मिनिटे पट्टीकडे दिलेली बरी.