वारशाची नोंद

कर्ज मंजूर करण्यापूर्वी बँक अर्जदाराचा पूर्वेतिहास पाहते. त्यावरून कर्ज बुडेलच असे ठरत नाही. सावधगिरी मात्र येते. मुलांच्या दम्याचेही तसेच आहे. आईवडिलांपैकी एकास दमा वा ॲलर्जी असल्यास अपत्यास तो होण्याची शक्यता वाढते, दोघांस असल्यास अधिकच. तथापि घरात कोणास नसतानाही मुलास दमा होऊ शकतो.

विजयदुर्गासारख्या खाडीकाठच्या गावी पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, गाद्यांत धुळीतील सूक्ष्म कीटक वाढतात. त्यात दुकानातील मिरची-धान्याची धूळ आणि उदबत्तीचा धूर यांची भर पडते. ज्या मुलास वारसा आहे, त्यास हे सारे अधिक बाधते.

तरीही सोयरीक जुळवताना ‘दमा’ हा शब्द आपण गिळतो. पुढे बालकाचा रात्रीचा खोकला ‘साधी सर्दी’ ठरतो आणि उपचार लांबतात. डॉक्टरांना आजी-आजोबांपासूनचा इतिहास मोकळेपणाने सांगावा. इनहेलरची सवय जडते हा समज निराधार आहे; त्यातील औषध अल्प मात्रेत थेट श्वासमार्गात पोहोचते.

आपण व्यापारी माणसे. वहीत जमेबरोबर नावेची बाजूही लिहितो. कुळाच्या वहीतही ती कोरी ठेवू नये.