वणीचा कोळसा : सातबारा नसलेल्यांचं काय?

यवतमाळ जिल्हा म्हटलं की बाहेरच्या माणसाला कापूस आठवतो, फार तर शेतकरी आत्महत्या. पण याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला वणी तालुका आहे आणि त्याच्या पोटात कोळसा आहे. १९७३ मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये कोल इंडिया आणि तिची नागपूरची उपकंपनी वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे आपली वेकोलि, उभी राहिली. उकणी, मुंगोली, निलजई, जुनाड, कोलारपिंपरी, घोन्सा ही आधी गावांची नावं होती. आज ती ऐकली की खाणीच डोळ्यासमोर येतात.

उघड्या खाणीत कोळसा काढायचा तर आधी वरची माती आणि दगड काढावे लागतात. ते जवळच टाकले जातात आणि शेताशेजारी डोंगर उभे राहतात. पावसात ती माती नाल्यात, शेतात उतरते. जुलै २०२२ च्या पुरात वर्धा नदीकाठच्या गावांना पाण्याचा वेढा पडला, तेव्हा या ढिगाऱ्यांनी पाण्याची वाट अडवली अशी गावकऱ्यांची तक्रार होती. उन्हाळ्यात धूळ. पांढरा कापूस काळा पडतो आणि बाजारात भाव पडतो. स्फोटांनी भिंतींना तडे जातात. नदीपलीकडे घुग्घुसला तर ऑगस्ट २०२२ मध्ये अमराई वॉर्डातलं एक घर पाहता पाहता जमिनीत गेलं. खाली जुनी भूमिगत खाण होती.

मग भांडण कुणाचं कुणाशी आहे? वरून पाहिलं तर गाव विरुद्ध खाण. पण आपण आपल्याच घरात पाहू या. एक भाऊ कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर, दुसऱ्याचं गॅरेज, तिसऱ्याची रस्त्यावर चहाची टपरी, आणि घरात दम्याने खोकणारी अम्मी. खाण बंद झाली तर चूल बंद, चालू राहिली तर श्वास बंद. म्हणून "खाण हवी की नको" या प्रश्नावर आपल्याला एका शब्दात उत्तर देता येत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे. नुकसान सगळ्यांचं होतं, पण मोजलं कुणाचं जातं?

कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकर जमिनीमागे एक नोकरी, असा हिशोब आहे. म्हणजे ज्याच्याकडे सातबारा, तो मोजला गेला. शेतमजूर, बटाईदार, शिवणकाम करणारी बाई, सायकल दुरुस्त करणारा, गावठाणात कागदाविना दोन पिढ्या राहिलेलं कुटुंब यांचं काय? आपली बरीच घरं याच रांगेत आहेत. कोलाम, गोंड आणि दलित वस्त्याही त्याच रांगेत आहेत.

कायदा मात्र इतका कोरडा नाही. कोळशाची जमीन १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली घेतली जाते. पण १ सप्टेंबर २०१५ पासून तिथेही २०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी लागू आहेत. त्या कायद्यात संपादनाआधी तीन वर्षं त्या गावात काम करणारे मजूर, कूळ आणि कारागीर हेही "बाधित कुटुंब" आहेत. घर गेलं तर जमीन नसलेल्यालाही घर मिळायला हवं. कारागीर आणि छोट्या दुकानदाराला किमान २५ हजार रुपये, विस्थापिताला सामान हलवायला ५० हजार. नव्या गावठाणात प्रार्थनास्थळ हवं आणि तिथल्या समाजांच्या रीतीप्रमाणे दफनभूमी किंवा स्मशान हवं.

हा शेवटचा मुद्दा हलका समजू नये. घर हलवता येतं, पण बापदादांच्या कबरी ट्रकमध्ये भरता येत नाहीत. मशीद-कब्रस्तानाची नोंद सातबाऱ्यावर आणि वक्फ मंडळाकडे आहे का, हे आजच पाहायला हवं. नोंद असेल तर संपादनाच्या वेळी वक्फ मंडळाला कळवून त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. नोंद नसेल तर नकाशावर ती नुसती पडीक जागा दिसते.

दुसरी गोष्ट मुदतीची. १९५७ च्या कायद्यातल्या कलम ७ ची अधिसूचना निघाली की हरकत घ्यायला फक्त ३० दिवस मिळतात. आपल्याकडे तर बातमी गावात पोहोचेपर्यंत निम्मी मुदत निघून जाते. म्हणून मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलांनी राजपत्रावर नजर ठेवावी. रेशनकार्ड, मतदार यादी, घरपट्टीच्या पावत्या, वीजबिल हे सगळं एका पिशवीत ठेवावं. तीन वर्षांचा रहिवास त्याच कागदांनी सिद्ध होतो.

तिसरी गोष्ट पैशाची. २०१५ पासून खाणीवाल्याला रॉयल्टीच्या १० ते ३० टक्के इतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते. हा पैसा खाणबाधितांचा आहे आणि त्याचा मोठा वाटा पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण यांवरच खर्च व्हायला हवा. आपल्या गावाला त्यातून काय मिळालं, हे ग्रामसभेत विचारावं, माहिती अधिकारात मागावं. बायकांनीही यावं, कारण पाण्याचा हंडा आणि आजाऱ्याची उशी त्यांच्याच हातात असते.

आणि हे एकट्याने होणार नाही. कुणबी शेतकऱ्याची काळी पडलेली कापूसबोंडं, कोलाम पोडावरची आटलेली विहीर आणि आपल्या मोहल्ल्यातला खोकला, तिन्हीचं कारण एकच आहे. मग अर्जावर सह्याही एकाच कागदावर हव्यात. कोळसा आज ना उद्या संपेल. त्यानंतरही आपल्याला याच मातीत राहायचं आहे.