दाखला आणि दिलासा

शाळेच्या हजेरीपटावर तिचे नाव मुलाचे होते. मी तिचा वर्गशिक्षक. गेल्या पावसाळ्यात ती घरी आली ती साडी नेसून. चहा झाल्यावर म्हणाली, "सर, उद्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचंय. घरचं कुणी येणार नाही. तुम्ही याल?"

मी गेलो. दवाखान्याच्या बाकावर तिने हळूच विचारले, "रात्र रात्र झोप नाही, जीव नकोसा होतो, हे सांगू का? की त्यानं दाखला अडेल?" मला उत्तर सुचले नाही. आत तिने "सगळं ठीक आहे" असे सांगितले. दाखल्यासाठी पुढची तारीख मिळाली. दुखणे मात्र तसेच घरी परतले.

विसंगती नेमकी येथे आहे. लिंगबदलाची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी डॉक्टर सहसा मानसोपचारतज्ज्ञाचे पत्र मागतात. उपचारांचे परिणाम कायमचे असतात, तेव्हा विचारपूस हवीच. पण ज्याच्या हाती दाराची किल्ली, त्याच्यापुढे मन कोण मोकळे करील? त्यातून समुपदेशनाच्या नावाखाली अशी माणसे 'सुधारण्याचे' उद्योग आपल्याकडे झालेच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवले, तेव्हा २०२२ साल उजाडले होते.

शास्त्र आणि न्याय दोन्ही पुढे गेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्याने संप्रेरक उपचार, शस्त्रक्रिया आणि त्याआधीचे व नंतरचे समुपदेशन यांची जबाबदारी सरकारवर टाकली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात ही अवस्था मानसिक विकारांतून वगळली गेली. म्हणजे तृतीयपंथी असणे हा मनाचा आजार नव्हे. मात्र घराने तोंड फिरवले, नोकरी नाकारली, रस्त्यात टिंगल झाली, तर कोणतेही मन आजारी पडेल. त्याला उपचार हवेत, परीक्षा नको.

पुढे मी तिला झोपेच्या तक्रारीसाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. तेथे ती तासभर बोलली, रडली. कारण साधे होते: त्यांच्याकडून तिला कसलाही दाखला नको होता.

यातूनच मार्ग दिसतो. दाखला देणारा आणि आधार देणारा, शक्य तेथे वेगळे असावेत. जिल्ह्याच्या गावी एकच तज्ज्ञ असेल, तर त्याने पहिल्याच भेटीत सांगावे, 'तुमचे दुःख ऐकले म्हणून मी दाखला अडवणार नाही. दुःखावरही उपचार करू.' उदास असणे म्हणजे स्वतःची ओळख न कळणे नव्हे. या एका वाक्याला सरकारी निधी लागत नाही.

पुढच्या तारखेला मी पुन्हा त्या बाकावर असेन. तिने तोच प्रश्न विचारला तर 'सगळं सांग' असे म्हणायचे मी ठरवले आहे. माझा शब्द खरा करणे आतल्या खुर्चीच्या हाती आहे.