शिक्षकाची पात्रता आणि शासनाचे दप्तर

सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. दीपांकर दत्ता व न्या. मनमोहन यांच्या खंडपीठाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालाने महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षकांत जी अस्वस्थता पसरली, तिला केवळ परीक्षेची भीती म्हणणे अन्यायाचे होईल. पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकविणाऱ्या आणि शिक्षणहक्क कायद्यापूर्वी सेवेत आलेल्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक आहे, त्यांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावे; न झाल्यास सेवा सोडावी, अन्यथा त्यांना सक्तीने निवृत्त करता येईल, असे न्यायालयाने ठरविले. ज्यांची सेवा पाच वर्षांहून कमी उरली होती त्यांना निवृत्तीपर्यंत राहण्याची मुभा मिळाली, पण पदोन्नती हवी असेल तर परीक्षा त्यांनाही चुकली नाही. अल्पसंख्याकांच्या शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. १९९८ साली, तेव्हाच्या नियमांप्रमाणे डी.एड. होऊन, रीतसर निवडीने नोकरीस लागलेला आणि आज पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभा असलेला शिक्षक त्यामुळे बालमानसशास्त्राच्या वस्तुनिष्ठ प्रश्नांची पुस्तके चाळू लागला आहे.

निकालामागचा कायदेशीर युक्तिवाद कच्चा नाही, हे आधीच मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेत, पूर्वी नियमानुसार नेमलेल्यांना नवी किमान अर्हता मिळविण्याची गरज नाही, असे म्हटले होते. शिक्षकांचा सारा भर त्यावर होता. न्यायालयाने वजन दिले ते कायद्याच्या कलम २३ ला आणि २०१७ च्या दुरुस्तीला. त्या दुरुस्तीने अर्हता मिळविण्याची मुदत ३१ मार्च २०१९ पर्यंत वाढविली होती. संसदेचा कायदा आणि परिषदेची अधिसूचना यांत विसंगती आढळली तर कायदा वरचढ ठरणार, हे उघड आहे. शिवाय या वादात एक पक्ष असा आहे की ज्याचा वकील कोणीच नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणाऱ्या मुलाला दुसरी शाळा निवडण्याची ऐपत नसते. त्याच्या वर्गावर चांगला शिक्षक असावा ही अपेक्षा कोणत्याही सेवाशर्तीपेक्षा मोठी आहे.

प्रश्न उरतो तो असा की, वीस-पंचवीस वर्षे शिकवीत असलेला शिक्षक चांगला आहे की नाही हे ओळखण्याचे साधन टीईटी आहे काय?

मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडलेला एक विचार येथे उपयोगी पडावा. उमेदवाराची खरी गुणवत्ता नेमणुकीच्या वेळी मालकाला दिसत नाही. म्हणून तो पदवी, प्रमाणपत्र, परीक्षा यांकडे खूण म्हणून पाहतो. अदृश्य गुणाची ती दृश्य निशाणी होय. या मांडणीचा मथितार्थ एवढाच की, प्रमाणपत्राची किंमत अज्ञानाच्या प्रमाणात असते. मालकाला माणूस जितका कमी ठाऊक, तितकी खुणेला किंमत अधिक. नव्या उमेदवाराला टीईटी लावणे म्हणूनच सर्वथा योग्य आहे. पण ज्याच्या वर्गात शासनाचे अधिकारी दोन तपे येत-जात आहेत, त्याच्याविषयी शासनाला अज्ञान असण्याचे कारण काय? केंद्रप्रमुख आहेत, विस्तार अधिकारी आहेत, गटशिक्षणाधिकारी आहेत, वार्षिक तपासणी आहे, दरवर्षी लिहिला जाणारा गोपनीय अहवाल आहे. कोणत्याही खाजगी मालकाजवळ नसेल इतके कागद आपल्या शिक्षकाविषयी शासनाच्या दप्तरात साठलेले आहेत.

आणि तरीही ते दप्तर कोणाच्या उपयोगी पडत नाही, ही खरी गोष्ट आहे. गोपनीय अहवालातील शेरे वर्षानुवर्षे एकाच साच्याचे असतात. चांगल्या शिक्षकाला आणि जेमतेम शिक्षकाला वेगळे करण्याची शक्ती त्यांत उरलेली नाही. केंद्रप्रमुखाचा बहुतेक वेळ माहितीचे तक्ते भरण्यात व ते वर पाठविण्यात जातो. वर्गात बसून पाठ पाहणे हे त्याचे मूळ काम उरल्यासुरल्या वेळेत होते. पर्यवेक्षणाची यंत्रणा अशी पोकळ झाल्यावर, दीडशे प्रश्नांची अडीच तासांची परीक्षा हा स्वस्तातला पर्याय वाटू लागतो. त्याचा खर्च शिक्षकाच्या खिशातून आणि मनःस्वास्थ्यातून भागतो, शासनाच्या अंदाजपत्रकाला त्याची झळ लागत नाही.

शिक्षक संघटनांनाही या संदर्भात चार शब्द ऐकविले पाहिजेत. वर्गातील कामाचे मूल्यमापन हा विषय निघाला की तो सेवाशर्तींवरील हल्ला ठरविण्याची सवय त्यांनी लावून घेतली. आमच्या कामावरून आमची परीक्षा करा, असे आज त्या म्हणतात, ते रास्तच आहे. हेच वाक्य वीस वर्षांपूर्वी उच्चारले असते तर आज त्याला अधिक वजन आले असते.

महाविद्यालयीन अध्यापकांना हे सारे ओळखीचे वाटेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९ सप्टेंबर १९९१ रोजी अध्यापकपदासाठी नेटची किंवा तत्सम परीक्षेची अट घातली. महाविद्यालये चालू होती, विद्यार्थी वर्गात बसले होते आणि सेट-नेट झालेले उमेदवार पुरेसे मिळत नव्हते. म्हणून पदव्युत्तर पदवीधरांच्या नेमणुका होत राहिल्या. मग या अध्यापकांची सेवा कधीपासून धरावयाची, हा वाद पुढे दोन दशके चालला. १९९१ ते २००० या काळातील बिगर सेट-नेट अध्यापक हा एक स्वतंत्र वर्गच तयार झाला. २०१३ मध्ये परीक्षेच्या कामावरील बहिष्कारापर्यंत पाळी आली आणि २७ जून २०१३ च्या शासन निर्णयाने सेवा नियमित झाल्या त्या त्या निर्णयाच्या तारखेपासून. आधीची वर्षे वेतनश्रेणीसाठी आणि निवृत्तिवेतनासाठी न्यायालयांत भांडत राहिली. अट चुकीची नव्हती. नेमणूक करताना तिच्याकडे काणाडोळा करावयाचा आणि पैसे देण्याची वेळ आली की तीच पुढे करावयाची, ही रीत चुकीची होती.

ज्या खुणेवर एवढा विश्वास टाकला जात आहे, तिची प्रतिष्ठाही तपासून पाहावी. महाराष्ट्रात जानेवारी २०२० मध्ये झालेल्या टीईटीत गुण वाढविण्याचा बाजार मांडला गेल्याचे २०२१ च्या अखेरीस पुणे पोलिसांच्या तपासात उघड झाले. परीक्षा घेणाऱ्या परिषदेचे वरिष्ठ अधिकारीच अटकेत गेले आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर २०२२ मध्ये कारवाई झाली. या प्रमाणपत्राचे आयुष्य मूळ नियमात सात वर्षांचे होते. २०२१ साली एका निर्णयाने ते तहहयात झाले. सात वर्षांत शिळे होणारे ज्ञान एका आदेशाने अक्षय कसे झाले, याचा उलगडा कोणी केला नाही.

पात्रतेचा प्रत्येक वाद मात्र असा नसतो. बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी पात्र ठरविणारी २८ जून २०१८ ची अधिसूचना ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली, तो निकाल योग्यच होता. सहा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख करून देणे आणि नववीला बीजगणित शिकविणे हे दोन वेगळे व्यवसाय आहेत; बी.एड. ही वरची पदवी म्हणून तिच्यात डी.एड. सामावलेली असते, हा समज पदवीच्या उंचीवरून माणूस मोजण्याच्या आपल्या सवयीतून येतो. तेथे प्रश्न दारातील पात्रतेचा होता. आधी नेमले गेलेल्यांना न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये संरक्षणही दिले. दारात कडक व्हावे आणि आत घेतलेल्याला सांभाळून घ्यावे, हे तत्त्व तेथे पाळले गेले.

आता शासनाने काय करावे? दोन वर्षांच्या मुदतीत हातावर हात ठेवून निकालाची वाट पाहणे हा तर कर्तव्याचा त्याग होईल. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था प्रत्येक जिल्ह्यात याच कामासाठी काढल्या गेल्या. तेथे सेवेतील शिक्षकांसाठी पगारी वर्ग सुरू करावेत. परीक्षाशुल्क शासनाने भरावे. मुदतीच्या आत परीक्षेच्या पुरेशा संधी, ठरल्या तारखांना द्याव्यात. ज्या कायद्याच्या कलम २३ ने शिक्षकाकडे अर्हता मागितली, त्याच कायद्याचे कलम २७ त्याला जनगणनेच्या, निवडणुकीच्या आणि आपत्तिनिवारणाच्या कामाला जुंपण्याची परवानगी देते. आणि देशाच्या जनगणनेचा कार्यक्रम २०२६ व २०२७ ही वर्षे धरून आखला गेला आहे. ज्याने संध्याकाळी अभ्यास करावयाचा, त्यानेच दिवसा घरे मोजावयाची. अशा शिक्षकांना निदान या मुदतीत त्या कामातून वगळण्यास कोणतीही घटनात्मक अडचण दिसत नाही.

दुसरी गोष्ट रिकाम्या होणाऱ्या जागांची. मे २०१२ मध्ये महाराष्ट्राने शिक्षकभरती थांबविली. त्यानंतर भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी झाली ती डिसेंबर २०१७ मध्ये, दुसरी २०२३ मध्ये, तिसरी २०२५ मध्ये. चाचणीनंतर पवित्र पोर्टलवरील याद्या, आरक्षणाची बिंदुनामावली, न्यायालयीन स्थगित्या आणि मग तीन वर्षांची शिक्षणसेवकी, असा तो प्रवास आहे. डोंगरी तालुक्यातील दोनशिक्षकी शाळेत एक शिक्षक परीक्षेत अडकून घरी गेला, तर उरलेल्या एकट्याने पाच वर्ग किती दिवस सांभाळावयाचे? त्या जागांची तालुकावार मोजदाद आणि त्या भरण्याचे वेळापत्रक, मुदत संपण्यापूर्वी, शासनाने प्रसिद्ध केले पाहिजे.