एक नग

परवा मुंबईला जाऊन आले. कशाला म्हणाल, तर लाकूडकामाच्या यंत्रांचं प्रदर्शन बघायला. (आमच्या वन्संना अजून वाटतंय की मी डोळे दाखवायला गेले होते. वन्सं, हे वाचत असाल तर क्षमस्व.)

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि घराच्या डागडुजीला आलेल्या सुतारमामांच्या मागे लागून रंधा धरायला शिकले. दोन पाट, एक चौरंग, नातीचा पांगुळगाडा आणि वाया घालवलेल्या फळ्यांचा एक ढीग, एवढी माझी कमाई. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ हे घरात सगळ्यांचं म्हणून झालंय, तेव्हा तुम्ही दुसरं काहीतरी शोधा.

तर प्रदर्शन. तिथे असं कुणीही उठून जाता येत नाही. नाव नोंदवायचं, त्यात कंपनी, हुद्दा, व्यवसायाचं स्वरूप. उत्पादक, वितरक, कंत्राटदार, वास्तुरचनाकार असे पर्याय होते. हौस म्हणून करते, असं म्हणणाऱ्यासाठी रकाना नव्हता. माझ्या भाच्याचा मॉड्युलर किचनचा धंदा आहे, त्याने मला आपल्या कंपनीत ‘सल्लागार’ करून टाकलं. रजेच्या चिठ्ठीवरची वडिलांची खोटी सही लांबून ओळखणारी मी, गळ्यात खोटा बिल्ला अडकवून आत गेले. अठरा वर्षांखालच्या मुलांना तर प्रवेशच नव्हता. यंत्रं चालू असतात म्हणून असेल, पण ही गोष्ट मनात राहिली.

आत गेल्यावर मात्र डोळे दिपले, खोटं कशाला बोलू! आठ बाय चारचा तक्ता टेबलावर ठेवायचा, संगणकावरचं चित्र यंत्राला द्यायचं, की फिरतं पातं त्यातून नक्षीदार दरवाजा कोरून काढतं. दुसऱ्या यंत्रात तुकडा एका बाजूने घातला की कडेला गरम गोंदाने पट्टी चिकटून, छाटून, घासून दुसऱ्या बाजूने बाहेर. मी ते यंत्र पाऊण तास बघत उभी होते. भाचा कंटाळून कॉफी प्यायला गेला.

एक गोष्ट उशिरा लक्षात आली. एवढ्या मोठ्या मंडपात लाकडाचा वास नव्हता. वास होता गोंदाचा. बहुतेक सगळीकडे एमडीएफ, पार्टिकल बोर्ड, प्लाय आणि त्यावर लॅमिनेट. लॅमिनेटवरचं ‘सागवान’ म्हणजे सागाची चित्रं छापलेला कागद!

शेवटी एका दालनात हाताची हत्यारं दिसली. एक सुरेख बारीक दातांची करवत हातात घेतली. विकणारा पोरगा अदबशीर होता. त्याने विचारलं, “मॅडम, किती नग?”

“एक.”

तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. “आजी, इथे शंभरच्या खाली ऑर्डर घेत नाही. आणि तुम्हाला कशाला हवी? फर्निचर बनवून पाहिजे का?”

परतताना गाडीत मी भाच्यापुढे बडबड केली. तो शांतपणे म्हणाला, “मावशी, सागवान परवडतं का लोकांना? या बोर्डामुळे दोन खोल्यांच्या घरात कपाट आलं. आणि तुझा सागवानी दरवाजा पावसाळ्यात फुगतो, माझा नाही.” बरोबर आहे त्याचं. (पाणी मुरलं की त्याचाही बोर्ड फुगतो आणि पुन्हा बसत नाही, हे तो बोलला नाही. असो.) मला यंत्रांचा राग नाही. व्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात व्यापाऱ्यांनाच बोलावणार, त्यांचाही राग नाही. राग आहे तो “तुम्हाला कशाला हवी?” या प्रश्नाचा. आणि पंचाईत अशी की तो प्रश्न त्या पोराने काढलेला नाही. तो मीच विचारला होता.

१९८८ साल. शाळेचं वेळापत्रक माझ्याकडे होतं. दहावीचा निकाल घसरला होता आणि आठवी-नववीला आठवड्यातून चार तास सुतारकाम होतं, तेही फक्त मुलांना. मुलींना शिवण. (मी विद्यार्थिनी असतानाही तसंच. शिवणाच्या खोलीतून मला रंध्याचा आवाज यायचा.) त्या चारांतले दोन मी गणिताला दिले, एक इंग्रजीला. उद्योगाचे गुरुजी माझ्यासमोर येऊन म्हणाले, “बाई, एका तासात पटाशीला धारसुद्धा लागत नाही.” मी काय म्हणाले? “गुरुजी, या मुलांना सुतार थोडंच व्हायचंय?”

ते काही बोलले नाहीत. दोन वर्षांनी त्या खोलीत जुने बाक रचले गेले.

मंडळी, मी आयुष्यभर कविता शिकवल्या. यातली किती मुलं कवी होणार, असं मला एकाही मुख्याध्यापकाने, एकाही पालकाने विचारलं नाही. बीजगणिताला कुणी विचारत नाही. हाताच्या कामालाच तेवढं विचारायचं की पोट भरणार का, आणि भरणार असेल तर ते ‘त्यांचं’ काम, आपल्या मुलाचं नव्हे. बारा बलुतेदारांत सुताराला बसवलं, त्याचं औत वापरलं, पाभर वापरली, पण त्याला जे कळतं ते ज्ञान आहे असं कधी मानलं नाही. उलट्या रेषांनी रंधा मारला की ढलपी उडते. कुठल्या बाजूने मारायचा, हे फळी नीट बघून तिलाच विचारावं लागतं. मराठीच्या पुस्तकात मला हे सापडलं नव्हतं.

१९३७ साली आपल्याच वर्ध्याला गांधीजींनी परिषद भरवली आणि शिक्षण उद्योगातून द्यावं असं मांडलं. फिनलंडने त्याच्या कितीतरी आधी, १८६६ पासून, गावोगावच्या शाळांत हस्तव्यवसाय आणला. तिथे तो टिकला. आपल्याकडे मूलोद्योगाची आठवण म्हणून शाळांच्या पाटीवर ‘जीवन शिक्षण मंदिर’ राहिलं, टकळी गेली. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणात म्हटलंय की सहावी ते आठवीत कधीतरी दहा दिवस मुलांनी दप्तराविना यावं आणि सुतार, कुंभार, माळी यांच्याकडून शिकावं. तीन वर्षांत दहा दिवस! गुरुजी असते तर निसणा घासत म्हणाले असते, “बाई, धार लागेपर्यंत संपले की.”

त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. पट्टी चिकटवणाऱ्या यंत्रावर उभा असलेला कामगार उत्तर प्रदेशातला, जातीने आणि कामानेही सुतार. मी पाऊण तास हलेना म्हणून त्याने कारण विचारलं. मी मोबाइलवर पांगुळगाड्याचा फोटो दाखवला. त्याने दोन बोटांनी तो मोठा केला, थेट सांध्यावर नेला आणि म्हणाला, “माताजी, ये कोना खुला रह गया है.” कूस मी एक सूत कमी ठेवलं होतं, ते त्याला फोटोत दिसलं! अख्ख्या प्रदर्शनात माझ्या कामाकडे बघितलं ते त्या एका माणसाने. एक नग करवत कुठे मिळेल तेही त्यानेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी नागदेवी स्ट्रीटवरून घेऊन आले.

आमच्या शाळेचे माजी विद्यार्थी वर्गणी काढून शाळेला मोठे डिजिटल फळे देणार आहेत. त्यातले बरेच जण हा ब्लॉग वाचतात. मी त्यांना पत्र लिहिलंय की एक फळा कमी घ्या. त्या पैशात कामाची चार भक्कम टेबलं, लाकूड धरायला शेगडे आणि रंधे, पटाश्या, करवती घ्या, आणि आठवड्याला दोन जोडतास मागून घ्या, मुलामुलींना एकत्र. शिकवायला सुतारमामा तयार आहेत, आणि सामान आवरायला मी. त्या खोलीतले जुने बाक मी जाऊन मोजले, सत्तावीस आहेत. पत्र टाकून तीन आठवडे झाले.